शस्त्रक्रियेपूर्वीचे तीन आठवडे

माझें हें भाषण संपेल तोंवर आपणांपैकीं प्रत्येकानें सुमारें तीनशें वेळां श्वास घेतलेला असेल, आणि त्यांतील एकहि श्वास कोणीं मोजलेला नसेल. प्रकृति धड असल्याचें हेंच एक लक्षण. श्वासाकडे लक्ष जाऊं लागलें म्हणजे कोठें तरी कांहीं बिघडलें आहे असें समजावें. आज मी ज्या रुग्णांविषयीं बोलणार आहें, त्यांचें लक्ष मात्र श्वासावरून क्षणभरहि हलत नाहीं. त्यांच्या फुप्फुसांत कर्करोगाची गांठ आढळलेली आहे. ती वेळेवर आढळली, म्हणून शस्त्रक्रियेनें काढून टाकतां येईल असें डॉक्टरांचें मत पडलें आहे. आणि शस्त्रक्रियेचा दिवस दोन-तीन आठवड्यांवर येऊन ठेपला आहे.

या दोन-तीन आठवड्यांत घरांत काय घडतें तें आपण सर्वांनीं पाहिलेलें आहे. जे गृहस्थ परवां-परवांपर्यंत मंडईंतून भाजी आणीत होते, नातवाला शाळेंत पोंचवीत होते, त्यांना आज कॉटवर निजवून ठेवण्यांत येतें. "अण्णा, तुम्ही उठूं नका, मी देतें आणून," असें म्हणून सून पाण्याचा पेला हातांत आणून देते. जिना उतरणें बंद होतें. देवाला जाणें बंद होतें. भेटीला येणारा प्रत्येक आप्त जातां-जातां एकच उपदेश करतो : "आतां पूर्ण विश्रांति घ्या, मोठें दिव्य आहे, शक्ति सांठवून ठेवा." या बोलण्यामागील माया खरी आहे, आणि तिच्याविषयीं मला आदरच आहे. परंतु शक्ति अशी सांठवून ठेवतां येत नाहीं. पडून राहिल्यानें ती वाढत तर नाहींच, उलट रोज थोडीथोडी झिजते. आणि ज्या दिवशीं तिची सर्वांत अधिक गरज असते, त्या दिवशीं ती सर्वांत कमी उरलेली असते. हें कसें घडतें व त्यावर काय करतां येतें, हें आज सांगावयाचें आहे.

या शस्त्रक्रियेचा इतिहास फार जुना नाहीं. ५ एप्रिल १९३३ रोजीं अमेरिकेंतील सेंट लुई शहरीं इव्हार्ट्‌स ग्रॅहम या शस्त्रवैद्यानें एका रुग्णाचें संपूर्ण डावें फुप्फुस एकाच बैठकींत काढलें. रुग्ण स्वतः डॉक्टर होता. पिट्‌सबर्ग येथें प्रसूतितज्ज्ञ म्हणून व्यवसाय करणारा, वय ४८. ग्रॅहम यांचा मूळचा बेत फुप्फुसाचा केवळ एक खंड काढण्याचा होता. परंतु छाती उघडल्यावर गांठ फुप्फुसाच्या मुळाशीं इतकी भिडलेली दिसली कीं, सगळें फुप्फुस काढण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. कर्करोगासाठीं एका बैठकींत फुप्फुस काढून रुग्ण वांचल्याचें हें पहिलें उदाहरण. हे गृहस्थ बरे होऊन पुन्हां आपला व्यवसाय करूं लागले आणि १९६३ पर्यंत, म्हणजे एका फुप्फुसावर तीस वर्षें, जगले. दैवाचा खेळ असा कीं, ग्रॅहम स्वतः पुष्कळ वर्षें सिगारेट ओढीत असत. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविणारा एक मोठा अभ्यास त्यांनींच अर्न्स्ट वायंडर या आपल्या विद्यार्थ्यासह १९५० मध्यें प्रसिद्ध केला, आणि १९५७ मध्यें त्याच रोगानें त्यांचा अंत झाला. शस्त्रवैद्याच्या मागें रुग्ण सहा वर्षें जगला.

एका फुप्फुसावर मनुष्य जगूं शकतो, हें त्या घटनेनें सिद्ध झालें. परंतु प्रत्येकच मनुष्य जगूं शकेल काय, हा प्रश्न मागें राहिला. शस्त्रवैद्याला गांठ काढतां येते, तिच्याबरोबर फुप्फुसाचा भाग काढतां येतो. मात्र जो भाग उरेल त्यावर रुग्णाला उरलेलें सगळें आयुष्य काढावयाचें असतें. म्हणून हल्लीं शस्त्रवैद्य काय काढावयाचें याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, काय उरेल याचा विचार करतो. आणि त्यासाठीं तो चक्क अंकगणित करतो.

हें अंकगणित सोपें आहे, तें आपणांसहि करतां येईल. आपल्या उजव्या फुप्फुसाचे तीन खंड असतात आणि डाव्याचे दोन. हृदयाला जागा द्यावयाची असल्यामुळें डावीकडे थोडी काटकसर झालेली आहे. या खंडांचे पुन्हां उपखंड पडतात. हिशेबासाठीं ते उजवीकडे १० व डावीकडे ९, मिळून १९ धरतात. आतां समजा, एखाद्या गृहस्थास खोल श्वास घेऊन जोरानें बाहेर सोडावयास सांगितला आणि पहिल्या एका सेकंदांत त्यांनीं दोन लिटर हवा बाहेर टाकली. त्यांच्या उजव्या फुप्फुसाचा वरचा खंड काढावयाचा असेल तर ३ उपखंड जातात, १६ उरतात. दोन लिटरांचे सोळा एकोणिसांश म्हणजे सुमारें १.६८ लिटर. तेवढ्यावर मनुष्य सुखानें राहूं शकेल. उजवीकडचा खालचा खंड काढला तर ५ उपखंड जातात आणि सुमारें १.४७ लिटर उरतात. पण गांठ अशा जागीं असेल कीं, सगळें उजवें फुप्फुसच काढावें लागेल, तर हातीं एक लिटरहि उरत नाहीं. गांठीमुळें एखादा उपखंड आधींच निकामी झालेला असेल, तर तो अर्थातच या हिशेबांतून वगळावा लागतो. अलीकडे दोन सेंटिमीटर किंवा त्याहून लहान आणि फुप्फुसाच्या कडेला असलेल्या गांठीसाठीं संपूर्ण खंड न काढतां केवळ त्याचा भाग काढला तरी चालतें, असें २०२२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या जपानमधील व २०२३ मधील अमेरिकेंतील मोठ्या प्रयोगांनीं दाखविलें आहे. त्यामुळें पुष्कळांच्या वजाबाकींत थोडी सवलत मिळालेली आहे.

ज्या उपकरणानें श्वासाचें असें माप घेतात, त्याला स्पायरोमीटर म्हणतात. त्याचा शास्त्रीय वापर लंडनचे जॉन हचिन्सन यांनीं रूढ केला. त्यांनीं १८४६ मध्यें दोन हजारांहून अधिक माणसांच्या श्वासाचीं मापें प्रसिद्ध केलीं. फुप्फुसांत किती हवा येते-जाते हें या यंत्रावरून कळतें. परंतु आंत आलेल्या हवेंतील प्राणवायु रक्तांत कितपत उतरतो, हें त्यावरून कळत नाहीं. भाता उत्तम चालला म्हणून भट्टी पेटलेली असतेच असें नाहीं. यासाठीं डेन्मार्कमधील मारी क्रोघ यांनीं १९१५ मध्यें वर्णन केलेल्या पद्धतीवर आधारलेली आणखी एक चांचणी करतात. तींत कार्बन मोनॉक्साइड हा वायु अगदीं सूक्ष्म प्रमाणांत हुंगवितात आणि तो रक्तांत किती शोषला गेला तें मोजतात. शस्त्रक्रियेनंतर उरणारीं हीं दोन्ही मापें त्या वयाच्या व उंचीच्या निरोगी मनुष्याच्या ६० टक्क्यांहून अधिक राहतील असा हिशेब निघाला, तर सामान्यतः आणखी चांचण्यांची जरूर पडत नाहीं. हिशेब त्याखालीं गेला, तर शस्त्रवैद्य रुग्णाला खुर्चींतून उठवितो आणि चालावयास लावतो.

येथें माझ्या मुख्य विषयास आरंभ होतो. खुर्चींत बसून केलेल्या चांचणींत फुप्फुस कळतें, मनुष्य कळत नाहीं. चालतांना व जिना चढतांना फुप्फुस, हृदय, रक्त आणि पायांचे स्नायु हीं चौघेंहि एका दावणीला बांधलेलीं असतात. प्राणवायु आंत घेणें फुप्फुसाचें काम, तो वाहून नेणें हृदयाचें व रक्ताचें, आणि त्याचा उपयोग करून घेणें स्नायूंचें. या सर्वांची मिळून जी कमाल मर्यादा, तिचा पद्धतशीर अभ्यास इंग्लंडमध्यें ए. व्ही. हिल यांनीं १९२३ च्या सुमारास केला. ही मर्यादा शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागें दर मिनिटाला किती मिलिलिटर प्राणवायु खर्च करतां येतो, या मापांत सांगतात. स्वस्थ बसलेल्या मनुष्यास सुमारें साडेतीन मिलिलिटर पुरतो. सपाटीवर बेतानें चालतांना दहा-बारा लागतात. ज्याची कमाल मर्यादा २० च्या वर आहे, त्याला फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेचा धोका कमी. १० ते २० च्या दरम्यान मध्यम. आणि १० च्या खालीं असेल, तर मोठी शस्त्रक्रिया करूं नये, दुसरा मार्ग शोधावा, असा सल्ला देतात.

हें माप घेण्यास सायकलीसारखें यंत्र, तोंडावर मुखवटा आणि बराच सरंजाम लागतो. तो नसेल तर साधा जिना पुरतो. रुग्णानें न थांबतां २२ मीटर उंची चढून गेल्यास त्याची तयारी चांगली समजतात. नेहमींच्या जिन्याच्या हिशेबानें या सव्वाशे ते दीडशे पायऱ्या, म्हणजे सुमारें सात मजले झाले. दुसऱ्या एका चांचणींत दहा मीटरांच्या अंतरावर येरझारा घालावयाच्या असतात. ध्वनिमुद्रित इशारा वाजला कीं वळावयाचें, आणि इशारे हळूहळू जवळ येत जातात. तींत ४०० मीटर चालणें झालें तर शस्त्रवैद्याचें समाधान होतें. जाणत्या कानाला या इशाऱ्यांत आणि तबल्यावर चढत जाणाऱ्या लयींत साम्य वाटेल. लय कोठें सुटते तें पाहणें हाच येथेंहि हेतु असतो. मात्र श्रोत्यांना हात जोडून विनंति कीं, हा जिन्याचा प्रयोग घरीं आपल्या वडिलांवर करून पाहूं नये. तो डॉक्टरांच्या देखरेखीखालींच व्हावयाचा असतो.

सात मजले चढण्याशीं शस्त्रक्रियेचा संबंध काय, रुग्ण तर भूल देऊन निजवलेला असतो, अशी शंका येईल. फुप्फुसावर काम करतांना तें हलतें राहून चालत नाहीं. म्हणून भूल देणारे डॉक्टर श्वासनलिकेंत दोन पोकळ्यांची एक विशेष नळी घालतात आणि ज्या बाजूची शस्त्रक्रिया असेल त्या बाजूची हवा बंद ठेवतात. तेवढा वेळ सबंध शरीराचा संसार एकाच फुप्फुसावर चालतो. पुढचे दिवस याहून कठीण. छातीला जखम असते, बरगड्यांच्या मध्यें नळ्या असतात, श्वास घेतला कीं दुखतें. म्हणून रुग्ण नकळत वरवरचा, तोकडा श्वास घेऊं लागतो. खोकल्यानें कळ येते, म्हणून खोकला दाबतो. भुलेमुळें श्वासमार्गांतील कफ वर ढकलणारे सूक्ष्म केस मंदावलेले असतात. कफ सांचतो, लहान नळ्या बुजतात, त्यांच्या पलीकडचे वायुकोश हवा न मिळाल्यामुळें मिटून जातात, आणि अशा मिटलेल्या जागीं न्यूमोनियाला आयतें घर मिळतें. जखम भरून येण्यासाठीं शरीराची प्राणवायूची मागणी वाढलेली असते, आणि पुरवठा याच वेळीं कमी झालेला असतो. ज्याच्या गांठीला आधींपासून कांहीं शिल्लक असते तो या तोट्यांतून निभावतो. ज्याची मिळकत आणि खर्च पूर्वींच कशीबशी तोंडमिळवणी करीत होतीं, त्याला हे चार दिवस जड जातात.

आतां पुन्हां त्या कॉटकडे वळूं. १९६६ मध्यें अमेरिकेंत डॅलस येथें वीस वर्षांच्या पांच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहावयास लावलें होतें. तेवढ्या अवधींत त्यांची प्राणवायु वापरण्याची कमाल मर्यादा एक चतुर्थांशाहून अधिक घटली. याच पांचजणांना तीस वर्षांनीं, पन्नाशींत, पुन्हां तपासण्यांत आलें, तेव्हां असें दिसून आलें कीं, तीस वर्षांच्या वाढत्या वयानें त्यांची जेवढी हानि केली नव्हती, तेवढी त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणानें केली होती. ते तर वीस वर्षांचे, धडधाकट तरुण होते. आपले अण्णा पासष्ट वर्षांचे आहेत, त्यांची भूक गेलेली आहे, आणि त्यांच्या फुप्फुसांत गांठ आहे.

या प्रतीक्षेच्या काळाचा दुसरा उपयोग करून पाहण्याचा प्रयत्न अनेक ठिकाणीं झाला आहे. त्यांतील स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा येथील एक प्रयोग मला विशेष बोलका वाटतो. त्याचा वृत्तांत २०१७ मध्यें प्रसिद्ध झाला. फुप्फुसाच्या कर्करोगासाठीं शस्त्रक्रिया व्हावयाची होती अशा १५१ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दोन गट पाडले. एका गटाला नेहमींचा उपदेश करून घरीं पाठविलें. दुसऱ्या गटाला आठवड्यांतून दोन-तीन वेळां बोलावून, एका जागीं उभ्या असलेल्या सायकलीवर व्यायाम दिला. व्यायाम असा : पंधरा सेकंद जोरानें पायडल मारावयाचें, पंधरा सेकंद थांबावयाचें, असें दहा मिनिटें. मग चार मिनिटें विसांवा, आणि पुन्हां दहा मिनिटें. शस्त्रक्रियेपर्यंत बहुतेकांच्या अशा आठेक बैठका झाल्या. तेवढ्यावर व्यायाम करणाऱ्यांची प्राणवायूची मर्यादा सुमारें १५ टक्क्यांनीं वाढली. आणि दुसरा गट? त्यांना कोणीं निजून राहा असें सांगितलें नव्हतें. तरीहि त्यांची मर्यादा तेवढ्याच दिवसांत सुमारें ८ टक्क्यांनीं घटली. कांहीं न करणें म्हणजे आहे तेथेंच राहणें असें आपण समजतों, तें खरें नाहीं, हें या एका आंकड्यावरून ध्यानांत येईल. शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसाच्या तक्रारी व्यायाम करणाऱ्यांपैकीं २३ टक्क्यांना झाल्या, इतरांपैकीं ४४ टक्क्यांना.

मात्र याच प्रयोगाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे, नाहींतर मी आपली फसवणूक केल्यासारखें होईल. मृत्यु आणि सर्व प्रकारच्या तक्रारी एकत्र धरल्या, तर दोन गटांतील फरक योगायोगाचा नव्हे असें छातीठोकपणें म्हणतां येण्याइतका निघाला नाहीं. व्यायामानें हृदयाचे ठोके अनियमित होणें थांबतें, जखम लवकर भरते, असें कांहीं सिद्ध झालेलें नाहीं. लाभ मुख्यतः श्वसनाच्या बाबतींत आहे. अशा निरनिराळ्या प्रयोगांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेनें २०१७ मध्यें घेतला, तेव्हां पांच लहान प्रयोगांतील १६७ रुग्णांवरून फुप्फुसाच्या तक्रारी दोन-तृतीयांशांनीं कमी होतात असें दिसलें. २०२२ मध्यें अधिक प्रयोग हातीं आल्यावर हा लाभ निम्म्याच्या आसपास आला. आंकडा उतरला, पण लाभ पुसला गेला नाहीं, आणि माझ्या मतें तेंच महत्त्वाचें आहे.

हा लाभ होतो तरी कसा, याविषयीं लोकांत एक गैरसमज आहे. व्यायामानें फुप्फुस मोठें होतें, त्यांत अधिक हवा मावूं लागते, अशी समजूत असते. वस्तुतः प्रौढ मनुष्याचें फुप्फुस व्यायामानें वाढत नाहीं. वायुकोशांची संख्या तीन-चार आठवड्यांत बदलत नाहीं. रोगानें किंवा तंबाखूनें जे नष्ट झाले ते परत येत नाहींत. बदल होतो तो फुप्फुसाबाहेर. हृदय एका ठोक्यांत अधिक रक्त पुढें ढकलूं लागतें. पायांचे स्नायु आलेल्या प्राणवायूचा अधिक काटकसरीनें उपयोग करूं लागतात, त्यामुळें तेवढ्याच कामाला पूर्वींइतकी धाप लागत नाहीं. श्वास ओढणारे स्नायु, विशेषतः छाती आणि पोट यांच्यामधील घुमटासारखा पडदा, ज्याला श्वासपटल म्हणतात, तेहि बळकट होतात. घरांत मिळविणारा एकच असेल आणि त्याची मिळकत वाढण्यासारखी नसेल, तर शहाणी गृहिणी जें करते, तेंच येथें स्नायु करतात. म्हणूनच, श्वास सुधारावयाचा तर पाय चालवा, हा सल्ला ऐकावयास चमत्कारिक वाटला तरी अगदीं शास्त्रशुद्ध आहे.

येथें प्राणायामाचा प्रश्न आल्यावांचून राहणार नाहीं. आपल्या महाराष्ट्रांत लोणावळ्यास स्वामी कुवलयानंद यांनीं १९२४ मध्यें कैवल्यधाम स्थापून योगाच्या क्रियांची प्रयोगशाळेंत तपासणी सुरू केली, तेव्हांपासून या विषयाला आपल्याकडे शास्त्रीय परंपरा आहे. सावकाश, खोल श्वसन या रुग्णांना निश्चित हितकर आहे; मनाची घालमेल कमी होते, हा फायदा तर निराळाच. पण दोन गोष्टी लक्षांत ठेवाव्या. श्वास बराच वेळ कोंडून धरणें, किंवा भस्त्रिकेसारखे जोराचे प्रकार, डॉक्टरांस विचारल्यावांचून या काळांत करूं नयेत. आणि दुसरें असें कीं, बैठकींत केलेलें श्वसन पायांच्या व्यायामाची जागा घेऊं शकत नाहीं. अण्णा सकाळीं अर्धा तास आसनावर बसतात म्हणून दिवसभर कॉटवर पडण्यास त्यांना मोकळीक मिळाली, असा हिशेब कोणीं करूं नये.

मग करावें काय? सर्वांत आधीं आपल्या शस्त्रवैद्यास स्पष्ट विचारावें कीं, या दिवसांत रुग्णानें किती आणि कसा व्यायाम करावा. आणि रुग्णालयांत फिजिओथेरपिस्ट असेल तर त्याची भेट शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीं न घेतां आजच घ्यावी. कोणास हृदयविकार असतो, कोणाच्या हाडांत दुखणें असतें, कोणाला रक्त पडत असतें. सर्वांना एकच माप लागू होत नाहीं. ज्यांना मोकळीक आहे त्यांच्यासाठीं चालणें हा मुख्य व्यायाम. वेग इतका असावा कीं, चालतां-चालतां एखादें वाक्य बोलतां यावें, पण गाणें म्हणतां येऊं नये. आरंभीं दहा मिनिटें जमत असतील तर दहा. दर दोन दिवसांनीं थोडीं वाढवावीं. खुर्चीवरून हात न टेकतां उठणें-बसणें हा मांड्यांसाठीं फार चांगला आणि बिनखर्चाचा व्यायाम आहे. २०२०-२१ च्या कोविडच्या साथींत पुष्कळ घरांतून बोटाला लावण्याचा ऑक्सिमीटर आला आणि आतां तो कपाटांत पडून आहे. तो बाहेर काढावा. चालतांना त्यावरील आंकडा ९० च्या खालीं गेला, छातींत दुखूं लागलें, घेरी आली किंवा थुंकींतून रक्त आलें, तर तेथेंच थांबून डॉक्टरांस कळवावें.

रुग्णालयांतून बहुधा तीन नळ्यांत तीन रंगीत गोळे असलेलें एक लहान यंत्र मिळतें. तें तोंडांत धरून श्वास आंत ओढावयाचा असतो. निम्मे लोक त्यांत फुंकतात आणि गोळे हलत नाहींत म्हणून खट्टू होतात. श्वास सावकाश ओढावा, गोळा वर असतां दोन-तीन सेकंद थांबावें, मग सोडावा. केवळ या यंत्रानेंच सर्व साधतें असा पुरावा मात्र नाहीं; चालण्याच्या जोडीला तें असावें, चालण्याच्या ऐवजीं नव्हे. आहारांत डाळी, दूध, दहीं, चालत असल्यास अंडीं व मासे, यांचें प्रमाण वाढवावें, कारण प्रथिनांवांचून स्नायु तयार होत नाहींत. रुग्णाला भूक नसते, म्हणून थोडें-थोडें आणि वरचेवर द्यावें.

विडी-सिगारेट ओढणारा असेल, तर ती आजच सुटली पाहिजे. शस्त्रक्रियेपूर्वीं चार आठवडे सुटली तर उत्तम. पण तेवढा अवधि नसेल तर "आतां सोडून काय उपयोग" हें म्हणणें चुकीचें आहे. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड रक्तांत प्राणवायूची जागा अडवून बसतो, आणि सिगारेट थांबल्यावर तो चार ते सहा तासांत निम्मा उतरतो. ऐन वेळीं सोडल्यानें कफ वाढून धोका होतो अशी जुनी समजूत पुढील अभ्यासांत टिकलेली नाहीं. यासंबंधांत हेंहि सांगितलें पाहिजे कीं, आपल्या देशांत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांत जन्मांत कधीं तंबाखूला न शिवलेल्यांची, विशेषतः स्त्रियांची, संख्या बरीच मोठी आहे. तेव्हां निदान कळतांच "काय ओढीत होता?" असा प्रश्न पाहुण्यांनीं विचारूं नये. तो उत्तरासाठीं विचारलेला नसतो, आणि रुग्णाला तें कळतें.

व्यायामासाठीं शस्त्रक्रिया लांबवावी काय, असें कोणी विचारील. सामान्यतः नाहीं. कर्करोग आपली वाट पाहात बसत नाहीं. तपासण्या, रक्त, भुलेच्या डॉक्टरांची भेट, रुग्णालयांतील जागा, यांत जे दोन-तीन आठवडे तसेहि जाणार असतात, तेच वापरावयाचे. फक्त ज्याची शक्ति शस्त्रक्रियेच्या उंबरठ्याखालीं किंचित्‌ कमी पडते, अशा एखाद्या रुग्णाबाबत थोडें थांबून, तयारी करून, पुन्हां मोजून पाहण्याचा निर्णय डॉक्टर विचारपूर्वक घेतात. कांहीं रुग्ण अशा तयारीनें उंबरठा ओलांडतात. कांहींना तें साधत नाहीं. त्यांच्या बाबतींत आळस किंवा प्रयत्नांची कसूर शोधूं नये. लहान गांठीवर अचूक रोखलेल्या किरणांचा उपचार त्यांच्यासाठीं उपलब्ध आहे, आणि तो उत्तम उपचार आहे.

आतां राहिली एक शेवटची तयारी, ती खोकण्याची. शस्त्रक्रियेनंतर कसें खोकावें हें शस्त्रक्रियेपूर्वींच शिकावें लागतें; वेदनेंत असतां नवीन कांहीं शिकतां येत नाहीं. एक उशी घ्यावी आणि ज्या बाजूला जखम होणार त्या बाजूवर दोन्ही हातांनीं घट्ट धरावी. नाकानें खोल श्वास घ्यावा. मग चष्म्याच्या कांचेवर वाफ धरतांना आपण जसें तोंड उघडून "हः" करतों, तसें दोन-तीनदां जोरानें करावें; कफ सुटून वर येतो. त्यानंतर एकदांच, उशी दाबून, खोकावें. हें दिवसांतून चार वेळां घरांतील कोणीं तरी अण्णांच्या शेजारीं बसून त्यांच्याबरोबर करावें. उशी घरचीच असूं द्यावी आणि रुग्णालयांत जातांना ती बरोबर न्यावी. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशीं, सर्व नीट असेल तर, परिचारिका त्यांना खाटेवरून उठवील. छातींतून आलेली नळी आणि तिची बाटली एका हातांत धरून त्यांना व्हरांड्यांतून चालावयाचें असेल. तेथपर्यंत ते बहुधा वीस-पंचवीस पावलें जातील, मग भिंतीला टेकून थांबतील. त्या वेळीं "पुरे आतां, निजा" असें म्हणण्याची आपणांस अनावर इच्छा होईल. तसें म्हणूं नये. दुसरा हात आपण धरावा, श्वास खालीं बसूं द्यावा, आणि त्यांच्याबरोबर परत चालत यावें.